कड्यावरील बोल्ट आणि बॅटरीवरील हॅमर ड्रिल

पवनेच्या काठी वसलेले रावेत आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग आहे. एका अंगाला कारखान्यांचा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला लोणावळा-खंडाळ्याकडे जाणारा रस्ता, अशी त्याची जागा. आठवडाभर यंत्रे हाताळणाऱ्या तरुणांची पावले सुटीच्या दिवशी नागफणी, तैलबैला यांसारख्या कड्यांकडे वळावीत, हे येथे स्वाभाविकच होय. प्रस्तरारोहणाचा मार्ग तयार करताना कातळात बोल्ट बसवावे लागतात. त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न वरवर खरेदीचा वाटला तरी वस्तुतः तो सुरक्षिततेचा आहे. बोल्ट बसविणारा निघून जातो. त्या बोल्टला दोर अडकविणारा आरोहक कित्येक वर्षांनी येतो, आणि आतले छिद्र कसे पाडले आहे हे त्याला दिसत नाही.

आधी कातळ, मग बोल्ट

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. त्याचे सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व कठीण, काही पोकळ्यांनी भरलेले, तर मधूनच तांबडे, मातकट थर आढळतात. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज देणारा कातळ बोल्टास योग्य. बद्द आवाज आला, किंवा जवळ भेग अथवा कडेची धार असली, तर ती जागा सोडावी.

बोल्ट सामान्यतः १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचे असतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आडव्या ओढीस ते २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन भार, सहन करणारे हवेत. ते गंजरोधक पोलादाचे असावेत आणि हँगरही त्याच धातूचा असावा. वर्कशॉपमध्ये साध्या लोखंडापासून घडविलेला हँगर सह्याद्रीच्या पावसात टिकत नाही.

यंत्राची पारख

पूर्वी हातोडी आणि छिन्नीने छिद्र पाडले जाई. ते काम अत्यंत कष्टाचे व वेळखाऊ असे. योग्य यंत्राने तेच काम एक-दोन मिनिटांत होते. मात्र घरबांधणीत वापरले जाणारे साधे इम्पॅक्ट ड्रिल येथे निरुपयोगी ठरते. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून आघात निर्माण होतो, व त्यासाठी माणसाला सर्व भार देऊन यंत्र दाबावे लागते. दोरावर लोंबकळणाऱ्यास ते शक्य नसते. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो व ती हवा आघातक पुढे ढकलते. त्यामुळे हलक्या दाबावरही कठीण कातळ फुटतो.

१८ व्होल्टचे, साधारण २ ते २.५ ज्यूल आघातशक्तीचे व बॅटरीसह सुमारे ३ किलोग्रॅम वजनाचे यंत्र बहुतेक कामास पुरते. याहून अवजड यंत्र वेगवान असले तरी डोक्याच्या वर धरताना हात थकतो आणि छिद्र वाकडे जाते. बिट जाम झाल्यास फिरणे थांबविणारा क्लच, बाजूची मूठ आणि खोली मोजणारी पट्टी या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. क्लच नसलेले यंत्र मनगट मुरगाळते, तोलही घालविते.

बॅटरीचा हिशेब मांडावा. समान खोलीच्या १० मिलिमीटर छिद्रापेक्षा १२ मिलिमीटरच्या छिद्रात ४४ टक्के अधिक दगड काढावा लागतो. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. एका बॅटरीत किती छिद्रे होतात हे खाली, सुट्या दगडावर पाहून घ्यावे आणि एक जादा बॅटरी सोबत ठेवावी.

बिट झिजला की छिद्र अरुंद होते व बोल्ट मध्येच अडकतो. छिद्रातील भुकटी ब्रशने व फुंकणीने पुनःपुन्हा काढावी. विशेषतः रेझिनने बसविलेल्या बोल्टची पकड भुकटीमुळे कमी होते. धुळीसाठी मुखपट्टी व डोळ्यांना चष्मा वापरावा. यंत्र दोरीने बांधलेले असावे, कारण खाली माणसे असतात.

परवानगी आणि उत्तरदायित्व

यंत्रामुळे छिद्र पाडणे सोपे झाले, म्हणूनच संयम अधिक हवा. संरक्षित गड-किल्ल्यांवर पुरातत्त्व विभागाच्या आणि वनभूमीवर वन विभागाच्या परवानगीवाचून कातळाला हात लावू नये. आग्या मोहोळे आणि गिधाडांची घरटी असलेले कडे टाळावेत. ड्रिलच्या आवाजाने व कंपनाने मधमाश्या उठतात आणि त्याचा त्रास पायथ्याच्या गावालाही होतो.

कड्याखालील ग्रामपंचायतींनी, तसेच विद्यार्थ्यांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात: बोल्ट कोणी बसविले, कधी बसविले आणि शेवटची तपासणी केव्हा झाली? प्रत्येक मार्गाची अशी लेखी नोंद ठेवली गेली, तर पुढच्या आरोहकाला डोळे झाकून भरवसा ठेवावा लागणार नाही.