मण्यार की कवड्या?

मैत्रिणींनो, पावसाळ्यात रात्री घरात पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला, की ‘कवड्याच असेल’ म्हणून आम्हीही सोडून द्यायचो. कवड्या बिनविषारी, पण अतिविषारी मण्यारही तशीच दिसते. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यार काळी चकचकीत. तिचे पांढरे, बहुधा जोडीचे पट्टे शेपटीकडे ठळक. लांबूनच बघायचं, शंका आली तर मण्यारच समजायचं.

मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. म्हणून जमिनीवर झोपलेल्याचं पहाटे पोट दुखलं, पापण्या मिटू लागल्या, तर ओवा देत बसायचं नाही. १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचूनच झोपायचं.