सिझेरियनची भूल दिल्यावर नेमकं काय जाणवतं? ‘ओढ’ आणि ‘दुखणं’ यातला फरक आधीच समजून घ्या

पन्हाळ्यावरून कोल्हापूर साधारण २० किलोमीटर. गड उतरायचा, वाघबीळला मुख्य रस्त्याला लागायचं आणि शहर गाठायचं. एरवी पाऊण तासाचा प्रवास. पण जुलै २०२१ च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे पावसाळ्यात बाळंतपणाची तारीख असली, की गाडी कोणाची, रस्ता कसा आहे, रक्तगट काय, सोबत कोण जाणार, याची चर्चा घरात आधीच होते.

एका गोष्टीची मात्र होत नाही. सिझेरियनची वेळ आलीच, तर भूल कशी देतात आणि ती दिल्यावर काय जाणवतं? हा विषय निघतो तो थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात, कागदावर सही घेताना. तोवर कानावर पडलेलं असतं ते एवढंच: मणक्यात सुई देतात म्हणे, पाठ जन्मभर दुखते म्हणे, पोट कापताना सगळं कळतं म्हणे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. म्हणजे चारपैकी एक. तेव्हा ही माहिती प्रत्येक गरोदर महिलेला आणि तिच्या घरच्यांना असायला हवी.

जागं ठेवूनच ऑपरेशन का करतात?

बहुतेक सिझेरियन ‘स्पायनल’ भुलीखाली होतात. यात कमरेखालचा आणि पोटाचा भाग बधिर होतो, आई मात्र शुद्धीवर असते. यामागे कारणं आहेत. गरोदरपणात पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त असतो. पूर्ण भुलीत हा धोका वाढतो. शिवाय घशात नळी घालणंही गरोदरपणात अवघड होऊ शकतं. स्पायनलमध्ये आई स्वतः श्वास घेत असते, बाळापर्यंत औषध फारच कमी पोचतं आणि बाळाचा पहिला आवाज आईला ऐकता येतो.

हे तंत्र सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कील शहरात पहिल्यांदा मणक्यातून कोकेन देऊन पायाचं ऑपरेशन केलं. याच्या १२ वर्षं आधी, १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी यांची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या ‘सीपीआर’मध्ये, स्त्री विभागाची जबाबदारी घेण्यासाठी नेमणूक झाली होती. आजारपणामुळे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या काळात पोट उघडायचं तर क्लोरोफॉर्म किंवा इथर हुंगवून पूर्ण बेशुद्ध करणं एवढाच मार्ग होता. आज त्याच शहरात आई जागी राहून बाळाचं रडणं ऐकते.

सुई नेमकी कुठे जाते?

सगळ्यात मोठी भीती इथेच असते, ‘मज्जारज्जूला लागलं तर?’ मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधल्या फटीत दिली जाते. तिथे पाण्यासारखा द्रव आणि त्यात सुट्या नसा असतात. औषध या द्रवात सोडतात. त्याचं प्रमाण जेमतेम २ मिलीलीटरच्या आसपास असतं. सुई आत राहत नाही, लगेच काढून घेतात.

त्याआधी तुम्हाला टेबलावर बसवतात किंवा कुशीवर झोपवतात. पाठ बाहेरच्या बाजूला वाकवून, हनुवटी छातीला लावायला सांगतात. पोट एवढं मोठं असताना वाकणं सोपं नसतं. पण जेवढं वाकाल तेवढी मणक्यांमधली फट उघडते आणि सुई पटकन जागेवर जाते.

जाणवतं काय? आधी पाठीवर औषधाचा गारवा. मग कातडी बधिर करणारं इंजेक्शन दिलं, तर मुंगी चावल्यासारखी चुणचुण. त्यानंतर पाठीत दाब. कधी कधी एका पायात करंट गेल्यासारखी कळ जाते. तसं झालं तर दचकून हलू नका, ‘डाव्या पायात कळ गेली’ असं लगेच सांगा. सुईची दिशा बदलायला डॉक्टरांना तेवढं पुरतं.

पहिली पाच मिनिटं

औषध आत गेलं की काही सेकंदांत बसायच्या जागी ऊब जाणवते. मग पायांना मुंग्या येतात, पाय जड होतात, आणि थोड्या वेळाने उचलायला गेलं तरी उचलत नाहीत. ‘हे पाय माझे नाहीतच’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

याच वेळी रक्तदाब अचानक उतरू शकतो. गरगरणं, मळमळणं, कानात गुणगुणणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. हे घडणं नेहमीचं आहे आणि त्यावरचं औषध हाताशी तयार ठेवलेलं असतं. तुम्हाला थोडं डाव्या कुशीकडे कलतं करतात, कारण सरळ पाठीवर झोपलं की गर्भपिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं. ‘मळमळतंय’ एवढा एक शब्द वेळेत सांगितला तरी उपचार लवकर होतो.

कापण्याआधी भूल तपासतात का?

हो. तपासलीच पाहिजे. गार स्प्रे, बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा लावून ‘गार लागतंय का?’ असं विचारतात. कापायचं ओटीपोटात असलं, तरी भूल छातीपर्यंत, साधारण स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढलेली लागते. पोटाच्या आतल्या आवरणाच्या नसा मणक्यात बऱ्याच वर जाऊन मिळतात, म्हणून ही उंची.

उत्तर देताना घाई करू नका आणि भिडेखातर ‘हो’ म्हणू नका. एका बाजूला गार लागत असेल, तर ते स्पष्ट सांगा.

मग ऑपरेशन चालू असताना काय कळतं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्पायनल भूल दुखणं घालवते, पण स्पर्श पूर्ण घालवतेच असं नाही.

मणक्यातून निघणाऱ्या नसा म्हणजे एकाच केबलमधल्या जाड-बारीक वायरी समजा. दुखणं आणि गार-गरम यांचे संदेश बारीक वायरींतून जातात, त्या आधी आणि जास्त बंद पडतात. स्पर्श आणि दाब यांच्या वायरी जाड, त्या तितक्या पूर्ण बंद होत नाहीत. म्हणून गार कळत नाही, पण हात लागलेला कळतो. शिवाय पोटातल्या काही नसा मणक्याच्या वाटेने न जाता थेट मेंदूकडे जातात. त्यामुळे गर्भपिशवी हाताळताना मळमळू शकतं.

साधारण अनुभव असा असतो:

• चिरा घेताना कातडीवर कुणी बोट फिरवतंय असं वाटू शकतं, टोक मात्र लागत नाही.

• बाळ काढताना जोरात ओढल्यासारखं, हलवल्यासारखं वाटतं. भरलेल्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून कुणी काही शोधतंय, तसं काहीसं.

• बाळ बाहेर ढकलण्यासाठी बरगड्यांखाली दाब देतात. क्षणभर छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.

• छातीची जाणीव कमी झाल्याने ‘श्वास घेता येत नाही’ असं वाटू शकतं. नीट बोलता येत असेल तर श्वास चालू आहे. पण हात लुळे पडल्यासारखे वाटले किंवा आवाज क्षीण झाला, तर ताबडतोब सांगा.

• थंडी वाजल्यासारखी थरथर सुटते. दात वाजतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

• खांद्यात दुखू शकतं. पोटात साचलेलं रक्त किंवा हवा छाती-पोटामधल्या पडद्याला लागली, की ती कळ खांद्यात उमटते.

चिरा घेतल्यापासून बाळ बाहेर यायला बहुतेक वेळा ५ ते १० मिनिटं लागतात. आधीचं सिझेरियन असेल तर थोडी जास्त. खरा वेळ जातो तो वार काढून टाके घालण्यात. एकूण पाऊण ते एक तास.

आणि खरंच दुखलं तर?

ओढ, दाब, हालचाल हे अपेक्षित आहे. टोचणं, कापल्यासारखं वाटणं, आग होणं, कळ येणं हे अपेक्षित नाही. क्वचित भूल पुरेशी चढत नाही, एका बाजूला कमी पडते किंवा ऑपरेशन लांबलं तर उतरू लागते. हा कुणाच्या मनाचा खेळ नसतो आणि बाळंतिणीच्या ‘नाजूकपणा’चाही प्रश्न नसतो.

अडचण अशी, की आपल्याकडे बाळंतपण म्हणजे सोसणं, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. ‘थोडं सहन कर, झालंच’ हे ऐकून अनेकजणी गप्प राहतात. पडद्यापलीकडे डॉक्टर गडबडीत दिसतात, आणि आपण ओरडलो तर बाळाला काही होईल, अशीही भीती असते. पण न सांगितलेलं दुखणं डॉक्टरांना दिसत नाही.

सांगितलं तर करण्यासारखं बरंच असतं. काम क्षणभर थांबवता येतं, शिरेतून वेदनाशामक देता येतं, गरज पडल्यास पूर्ण भूल देता येते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. बाईने दुखतंय म्हटलं तर ते खरं मानायचं, पूर्ण भुलीचा पर्याय द्यायचा आणि नंतर तिच्याशी त्यावर बोलायचं, असा त्यांचा रोख आहे.

तुमच्या डोक्यापाशी उभे असतात ते भूलतज्ज्ञ, आपल्याकडच्या बोलीत ‘भुलीचे डॉक्टर’. तुमच्याकडे लक्ष ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांच्याशीच बोला. ओढ अपेक्षित असली तरी ती सोसवेनाशी झाली, तर तेही सांगा.

पूर्ण भूल कधी देतात?

बाळाची नाळ आधी बाहेर आली, वार सुटून मोठा रक्तस्राव झाला आणि एकेक मिनिट महत्त्वाचं असलं, तर पूर्ण भूल दिली जाऊ शकते. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारं औषध नुकतंच घेतलेलं असेल किंवा सुईच्या जागी संसर्ग असेल, तरीही स्पायनल टाळतात. अशा वेळी बाळाचा पहिला आवाज ऐकायला मिळत नाही, याची खंत राहू शकते. पण तो निर्णय दोन जीव वाचवण्यासाठी असतो.

नंतर पाठ दुखते, डोकं दुखतं, हे खरं का?

पाय २ ते ४ तासांत हळूहळू हलू लागतात. भूल उतरली की टाक्यांचं दुखणं सुरू होतं. वेदनाशामक त्याआधीच मागा. अंगाला खाज येऊ शकते, तीही औषधामुळेच.

पाठदुखी: सुईच्या जागी काही दिवस ठणकतं. वर्षानुवर्षं राहणारी पाठदुखी मात्र या सुईमुळे होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणातलं वजन, सैल झालेले सांधे आणि बाळाला वाकून पाजणं ही त्याची जास्त खरी कारणं.

डोकेदुखी: ही खरी आहे, पण कमी जणींना होते. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहिला तर पहिल्या काही दिवसांत डोकं दुखतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, हीच तिची ओळख. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये आपल्या सहाय्यकासोबत हा प्रयोग स्वतःवर केला, तेव्हा दोघांनाही डोकेदुखीने गाठलं होतं. आजच्या बारीक सुयांनी हे प्रमाण शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आणता येतं. ‘उशी घेऊ नको’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण नुसतं सपाट पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळते, असं सिद्ध झालेलं नाही. दुखलंच तर अंगावर काढू नका, त्यावर उपचार आहेत. डोकेदुखीसोबत ताप, झटके, नजर अंधुक होणं किंवा पायात बळ नसणं असं काही असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

गड उतरण्याआधी हे करून ठेवा

• गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

• २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, ने-आण आणि ७ दिवसांपर्यंतचा आहार मोफत आहे. आशाताईंकडून माहिती घ्या.

• शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांना विचारा: सिझेरियन लागलं तर कुठे होईल? तिथे भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असतात का? दुखलं तर काय करणार?

• आधीची भूल, ॲलर्जी, दमा, हृदयाचा त्रास, पाठीचं ऑपरेशन, चालू गोळ्या हे सगळं सांगा.

• शेवटचं कधी, काय खाल्लं ते खरं सांगा. ठरवून केलेल्या सिझेरियनआधी साधारण ६ तास जेवण आणि २ तास पाणी बंद असतं. ‘थोडा चहा-बिस्किट, त्याचं काय’ असं म्हणून लपवू नका.

गाडीवाल्याचा नंबर जसा आधीच फोनमध्ये ठेवता, तसं एक वाक्यही मनात ठेवा: ‘डॉक्टर, ओढल्यासारखं नाही, दुखतंय.’ घरच्यांनीही तिला एवढंच सांगून आत पाठवावं, की सहन करायची गरज नाही, लागलं तर बोल.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.)