कूपरेजवर बसावें कोठें?

फुटबॉलच्या सामन्यास बसावें कोठें, हा प्रश्न वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु नातवंडांसह गिरगांवांतून कूपरेजच्या मैदानावर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं त्याचा विचार अवश्य करावा. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने पुढें येथेंच रंगत. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स संघानें तो जिंकिला, व चषकावर प्रथमच भारतीय संघाचें नांव लागलें.

गोलखांबांमागें बसल्यास ८ यार्ड रुंदीचा गोल तेवढा जवळ दिसतो. पलीकडील डाव कळत नाहीं. मध्यरेषेसमोर, चार पायऱ्या वर, मावळतें ऊन पाठीशीं घेऊन बसल्यास दोन्ही संघांचा व्यूह उलगडतो.

एकदां नातवाच्या हट्टास्तव आम्ही गोलामागें बसलों. खेळ अर्धाच समजला. पण जाळें हालतांच उजळलेला त्याचा चेहरा पुरता दिसला. जागा कोणासाठीं निवडावयाची, हें आधीं ठरवावें.