पट्टेदार पिसांचा वारसा

सस्तन प्राण्यांत अपत्याचे लिंग पित्याकडून ठरते, तर पक्ष्यांत ते मातेकडून ठरते. कारण कोंबड्याच्या पेशीत झेड नावाची दोन समान लिंग-गुणसूत्रे असतात आणि कोंबडीत एक झेड व एक डब्ल्यू असते. साहजिकच कोंबडी आपले झेड केवळ पुत्रांना देते, आणि कन्यांना त्यांचे एकमेव झेड पित्याकडून मिळते.

प्लिमथ रॉक जातीच्या पिसांवरील काळे-पांढरे आडवे पट्टे घडवणारे जनुक, म्हणजे आनुवंशिक गुणाचा घटक, याच झेडवर असून ते प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रतही पट्टे उमटवण्यास पुरते. हा गुण लिंगाशी जोडलेला असल्याचे अमेरिकी शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्पिलमन यांनी 1908 मध्ये दाखवले. पट्टेदार कोंबडीचा ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याशी संकर केल्यास सर्व पिल्ले काळ्या लवेची निपजतात. मात्र नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो आणि पुढे त्यांना पट्टेदार पिसे येतात, तर माद्यांना ते जनुक मिळतच नसल्यामुळे त्या पट्ट्यांविनाच वाढतात. त्यामुळे अंड्यांसाठी लागणाऱ्या तलंगा पहिल्याच दिवशी वेगळ्या काढता येतात.

जोडी उलटवून शुद्ध पट्टेदार कोंबडा वापरल्यास तो प्रत्येक अपत्याला पट्ट्यांचे जनुक देतो आणि ही ओळख नाहीशी होते. या संकरित पिल्लांच्या पुढच्या पिढीतही लिंग व रंग यांची अशी अचूक सांगड राहत नाही, म्हणून उबवणी केंद्रांना मूळ जातींचे शुद्ध कळप सतत राखावे लागतात.