काचेच्या पेटीचा शेजारधर्म

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांत घरातील काचेच्या टाकीतले मासे मरतात ते बहुधा आपत्तीच्या पहिल्या तडाख्याने नव्हे, तर त्यानंतर खंडित होणाऱ्या विजेमुळे. टाकी शाबूत असते, पाणी स्वच्छ दिसते, घराच्या भिंतीही उभ्या असतात. मात्र हवेचा पंप आणि फिल्टर बंद पडले की त्या पाण्यातील जीवसृष्टीचे आयुष्य तासांत मोजावे लागते. शोभिवंत मत्स्यपालनाचा छंद जोपासणाऱ्यांनी जगात ठिकठिकाणी परस्परांच्या मदतीचे जे अलिखित शास्त्र उभे केले आहे, त्याचा पाया या एका वस्तुस्थितीत आहे. माणसांसाठीचे मदतकार्य दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचले तरी उपयोगी पडते. माशांसाठी ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून या छंदात खरी मदत दूरच्या संस्थेकडून क्वचितच येते. ती शेजारच्या घरातून येते, आणि तिची तयारी संकटाच्या कितीतरी आधी झालेली असावी लागते.

टाकीतील पाण्याचे गणित

हे समजून घेण्यासाठी बंद टाकीतील पाण्यात काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. हवेशी संपर्कात असलेल्या गोड्या पाण्यात 25 अंश सेल्सिअस तापमानाला प्रतिलिटर सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तापमान 30 अंशांवर गेले की हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते याहूनही कमी असते. पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी आणि माशांची गरज मात्र जास्त, असा हा दुहेरी पेच आहे. तळ्याच्या तुलनेत टाकीचा पृष्ठभाग लहान आणि माशांची दाटी मोठी असल्यामुळे पृष्ठभागावरून आपोआप मिसळणारी हवा पुरत नाही. पंपाने पाणी सतत हलते ठेवले, तरच हिशेब जुळतो.

दुसरा धोका फिल्टरमध्ये दडलेला असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया हे विषारी द्रव्य सतत पाण्यात येत असते; फिल्टरच्या स्पंजावर आणि सिरॅमिकच्या सच्छिद्र तुकड्यांवर वाढलेले सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या सूक्ष्मजीवांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमधून पाणी वाहणे थांबले की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, उपयुक्त जिवाणू मरू लागतात आणि त्यांच्या जागी कुजवणारे जिवाणू माजतात. अशा वेळी वीज परत आल्यावर फिल्टर जसाच्या तसा सुरू केला, तर डब्यातील ते सडके पाणी थेट टाकीत ओतले जाते आणि अंधारात तग धरून राहिलेले मासे उजेड आल्यानंतर दगावतात. आतले पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मगच फिल्टर चालू करावा, हा अनुभवी पालकाने नवख्याला फोनवरून दिलेला एवढासा सल्लाही कित्येकदा अख्खी टाकी वाचवतो.

मोठ्या मत्स्यालयांचा धडा

साधनसंपन्न संस्थाही या गणितातून सुटत नाहीत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळ आदळले, तेव्हा मिसिसिपी नदीच्या काठावरील ‘ऑडुबॉन अ‍ॅक्वेरियम ऑफ द अमेरिकाज’ या मत्स्यालयाच्या इमारतीचे फारसे नुकसान झाले नाही. शहरातील परिस्थिती बिघडल्यामुळे कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले, पुढे जनरेटर बंद पडला आणि सुमारे 10,000 माशांपैकी बहुतेक सर्व मेले. जे वाचले त्यांत पेंग्विन, समुद्री ऊद, एक मोठे समुद्री कासव आणि पांढरी मगर यांचा समावेश होता. यांतील बहुतेक प्राणी थेट हवेत श्वास घेणारे होते, हा योगायोग नव्हे. पेंग्विन आणि ऊद यांना कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाने आसरा दिला, आणि मे 2006 मध्ये न्यू ऑर्लिन्सचे मत्स्यालय पुन्हा उघडले.

जपानमध्ये 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर इवाकी येथील ‘अ‍ॅक्वामरीन फुकुशिमा’ या मत्स्यालयात जवळपास हेच घडले. सील, वॉलरस यांसारखे प्राणी चिबा प्रांतातील कामोगावा सी वर्ल्डसारख्या संस्थांकडे हलवता आले. जनरेटरचे इंधन संपल्यावर बहुसंख्य मासे मात्र गेले. हे मत्स्यालय 15 जुलै 2011 रोजी, आपल्या वर्धापनदिनी, पुन्हा सुरू झाले. दोन्ही ठिकाणी मदत करणारे तत्पर होते आणि त्यांच्याकडे साधनेही होती. परंतु दुरून येणारी मदत ज्यांना वाट पाहता येते त्यांनाच वाचवू शकली.

यामाकोशी: जिथे मासे हेलिकॉप्टरने उतरले

मत्स्यपालकांच्या समाजाने आपत्तीला कसे तोंड द्यावे याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानच्या निगाता प्रांतातील यामाकोशी या डोंगरी गावाचे आहे. हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ साठणाऱ्या या भागात शेतकरी भातखाचरांना पाणी पुरवणाऱ्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प मासे पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील काही माशांवर रंग दिसू लागले, आणि निवड करून केलेल्या पैदाशीतून आज जगभर ‘कोई’ या नावाने ओळखला जाणारा निशिकीगोई हा शोभिवंत मासा घडला. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी रचलेली मातीची तळी ही या व्यवसायाची ओळख आहे. मासे उन्हाळाभर या तळ्यांत वाढतात आणि बर्फ पडण्यापूर्वी, साधारण ऑक्टोबरमध्ये, ते बाहेर काढून छपराखालच्या सिमेंटच्या टाक्यांत आणले जातात.

23 ऑक्टोबर 2004 रोजी संध्याकाळी 5 वाजून 56 मिनिटांनी या परिसराला 6.8 तीव्रतेचा भूकंप बसला. प्रांतात 68 जणांचा बळी गेला, यामाकोशीचे सर्व रस्ते दरडींनी तुटले आणि सुमारे 2,200 ग्रामस्थांना हेलिकॉप्टरने बाहेर काढून संपूर्ण गाव रिकामे करण्यात आले. माशांच्या दृष्टीने यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. जे मासे अजून मातीच्या तळ्यांत होते, त्यांच्या तळ्यांचे बांध भेगाळून पाणी वाहून गेले. जे नुकतेच टाक्यांत आणले होते, त्यांचे पंप वीज गेल्याने थांबले. नदी दरडींनी अडल्यामुळे खोऱ्यातील घरेही पाण्याखाली गेली.

या माशांत अनेक असे होते की ज्यांचे मालक यामाकोशीत राहतच नव्हते. कोईच्या व्यवहारात ‘अझुकारी’ नावाची पद्धत आहे: ग्राहक मासा विकत घेतो, पण पुढील वाढीसाठी तो उत्पादकाच्याच तळ्यात ठेवतो. या पद्धतीमुळे परदेशातील हौशी पालकाचा आणि डोंगरातील शेतकऱ्याचा संबंध बिलापुरता उरत नाही, तो वर्षानुवर्षे चालतो. भूकंपानंतर निरनिराळ्या देशांतील कोईप्रेमी मंडळांनी निगाताच्या उत्पादकांसाठी निधी उभारला, त्यामागे हे नाते होते. दरम्यान, वाचलेले मासे पाण्याच्या टाक्यांत भरून हेलिकॉप्टरने डोंगराखाली उतरवले गेले आणि सुरक्षित भागातील तळ्यांत ठेवले गेले. निवड कोणाची करायची, हा प्रश्न अर्थातच कठीण होता. जगणे ज्या व्यवसायावर उभे आहे तो पुन्हा सुरू करायचा असेल, तर आधी पैदाशीचे नर-माद्या वाचल्या पाहिजेत, कारण विक्रीयोग्य मासा काही वर्षांत पुन्हा वाढवता येतो, पण पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला वंश एकदा तुटला की जुळत नाही. ग्रामस्थांना 2007 मध्ये गावात परतता आले. पुढे 2017 मध्ये या परिसरातील भातशेती आणि कोईपालन यांच्या जोडव्यवस्थेला जपानच्या राष्ट्रीय कृषी वारशात स्थान मिळाले.

मदतीचे तीन टप्पे

घरगुती टाक्यांच्या बाबतीतही हाच क्रम लहान प्रमाणात दिसतो. पहिला टप्पा काही तासांचा. त्यात बॅटरीवर चालणारा किंवा चार्ज होणारा हवेचा पंप हे सर्वांत मोलाचे साधन असते, आणि ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक शेजाऱ्याला देणे ही सर्वांत मोठी मदत. लहान हवेचा पंप तीन ते पाच वॉट एवढीच वीज घेतो, तर हीटरला शंभर किंवा अधिक वॉट लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त पंप ठेवून बाकी सारे बंद केल्यास तो बराच काळ चालतो. काहीच नसेल तर मगाने पाणी उंचावरून ओतत राहणे हाही उपाय आहे, आणि तिथे पाळी लावून हात देणारे शेजारी लागतात. खाणे पूर्ण बंद करावे. निरोगी प्रौढ मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण न खाल्लेले अन्न पाण्यातील प्राणवायू खाते. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, म्हणून त्यांना थांबवून गोल्डफिश, डिस्कस आणि खाऱ्या पाण्यातील मासे यांना आधी पंप द्यावा.

दुसरा टप्पा काही दिवसांचा, म्हणजे वीज असलेल्या घरी मासे हलवण्याचा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू भरून ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी, ही व्यापाऱ्यांची रीत इथे उपयोगी पडते. प्रवास लांबला असेल, तर एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. बंद पिशवीत कर्बवायू साठून पाणी आम्लधर्मी होते आणि त्यामुळे अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडताच कर्बवायू उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी बनतो. त्यामुळे तापमान जुळल्यावर मासे त्या पाण्यात रेंगाळू न देता पटकन बाहेर काढावेत आणि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

तिसरा टप्पा महिन्यांचा असून तो बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. ज्याची टाकी पूर्ण गेली, त्याला नवीन टाकीत सूक्ष्मजीवांची वसाहत जमण्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावे लागते. अशा वेळी एखाद्या सहपालकाने आपल्या चालू फिल्टरमधला तपकिरी, गाळाने माखलेला, बोटांना बुळबुळीत लागणारा स्पंज ओल्या पिशवीत बांधून दिला, तर तो नव्या टाकीला विरजणासारखा लागतो आणि प्रतीक्षा बरीच कमी होते. बाजारात ज्याची किंमत शून्य, तीच या समाजात सर्वांत उपयुक्त भेट ठरते.

याच टप्प्यात वंश परत देण्याचे कामही होते. ज्या देशांत प्रवाळ पाळण्यास परवानगी आहे, तेथील पालक आपल्या प्रवाळाचे छोटे तुकडे परस्परांना देतात. एकाची टाकी गेली की त्याचाच प्रवाळ दुसऱ्याच्या घरून तुकड्याच्या रूपाने परत येतो. (भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षण असल्याने हा मार्ग खुला नाही.) आफ्रिकेतील हंगामी डबक्यांत राहणाऱ्या किलीफिश गटातील काही माशांची अंडी ओलसर पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या मातीत, महिनोन्‌महिने जिवंत राहतात, त्यामुळे ती टपालाने पाठवता येतात आणि वीज गेली तरी त्यांचे काही बिघडत नाही. मेक्सिकोतील टेकिला स्प्लिटफिन हा मासा मूळ नदीतून नाहीसा झाला असता टाक्यांमध्ये टिकून राहिला आणि पुढे त्याच नदीत पुन्हा सोडता आला, हेही वाटून ठेवलेल्या वंशाचेच फळ आहे.

सद्भावनेच्या मर्यादा

मदतीची घाई धोकादायकही ठरू शकते. निरनिराळ्या घरांतील मासे एका टाकीत एकत्र आले की रोगही एकत्र येतात. जपानमध्ये 2003 साली कासुमिगाउरा सरोवरातील कार्प माशांत कोई हर्पिस विषाणूची साथ आढळली होती. एकमेकांचे मासे सांभाळताना प्रत्येकाचे वेगळे भांडे आणि वेगळी जाळी का ठेवावी, हे त्यावरून ध्यानात येते. पुरानंतर पालिका किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवलेले असते आणि ते कल्ल्यांना इजा करते. दुकानांत अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट हा त्यावरचा सोपा उतारा आहे.

सर्वांत गंभीर चूक मात्र मासे नदी-तलावात सोडून ‘मुक्त’ करण्याची. केरळमध्ये ऑगस्ट 2018 च्या महापुरात पाळीव तळ्यांतून निसटलेले दक्षिण अमेरिकेतील अरापायमा आणि उत्तर अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार हे अवाढव्य शिकारी मासे चालकुडी नदीत आढळले. स्थानिक माशांसाठी समृद्ध असलेल्या नदीवर पुरानंतर ओढवलेले हे दुसरे संकट होते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईच्या उपनगरांत अनेक ठिकाणी वीज दीर्घकाळ बंद होती. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोलीकडील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा प्रसंगी माणसांचा जीव आणि निवारा यांना पहिला मान आहे, यात शंका नाही, आणि पाण्यात उभ्या असलेल्या घरात टाकीच्या वायरला हात लावणे हा मूर्खपणाच आहे. पण छंद म्हणून जे जीव घरात आणले, त्यांची जबाबदारी वीज गेली म्हणून संपत नाही. आपल्या वस्तीतील दोन-तीन मत्स्यपालकांचे फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, एक चार्ज केलेला पंप तयार असावा आणि आपल्या आवडत्या माशांची एक जोडी आजच दुसऱ्या कोणाच्या टाकीत नेऊन द्यावी. पावसाळा येण्यापूर्वी एवढे केले, तरी पुरे.