वेतनाचा आकडा आणि वेतनचिठ्ठी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे वेतन ही गुप्त ठेवण्याची बाब नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. सातव्या वेतन आयोगाची वेतनसंरचना आपल्याकडे १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तीत प्राथमिक शिक्षकाचा स्तर एस-१०, म्हणजे २९,२०० ते ९२,३०० रुपये, आणि बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा स्तर एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० रुपये, हे कोणासही वाचता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचे असते. जनतेच्या पैशातून वेतन घेणाऱ्याने त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मग मोबाईलवरील समूहात आपली वेतनचिठ्ठी, जिला आपण व्यवहारात पे-स्लिप म्हणतो, ती पाठविण्यास हरकत कोणती, असा प्रश्न शाळाभेटीच्या वेळी शिक्षकबंधुभगिनी मला अनेकदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, वेतनाचा आकडा आणि वेतनचिठ्ठी या दोन भिन्न वस्तू आहेत. आकडा पदाचा असतो. चिठ्ठी माणसाची असते.

वेतनचिठ्ठी एकदा शांतपणे समोर धरून पाहावी. तीवर पूर्ण नाव, शाळा, पॅन, बँक खात्याचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा अथवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा क्रमांक असे तपशील एकत्र येतात. शालार्थ क्रमांकही दिसतो, तसा निरुपद्रवी नाही. त्यात धारकाच्या नावाची आद्याक्षरे, लिंग आणि जन्मवर्षाचे अंक गुंफलेले असतात. पॅनचेही तसेच. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर प्रवेश करताना पॅन हेच वापरकर्त्याचे नाव असते, आणि तेथून उतरवून घेतलेले वार्षिक माहिती विवरण पॅन व जन्मतारीख जोडून तयार झालेल्या संकेतशब्दाने उघडते. जन्मतारीख तर वाढदिवसाच्या शुभेच्छांसह आपण त्याच समूहात दरवर्षी जाहीर करीत असतो!

याहून नाजूक भाग कपातींचा आहे. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, न्यायालयाच्या आदेशाने होणारी पोटगीची वसुली, विनावेतन रजेचे दिवस, या प्रत्येक रकान्यामागे एखाद्या घराची कथा असते. इतकेच नव्हे, तर शून्य हा आकडाही बोलतो. महाराष्ट्रात नियमित वेतनश्रेणीतील शिक्षकाच्या वेतनातून व्यवसायकर दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. स्थायी शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस, तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या अपत्याच्या पालकांस, या करातून सूट आहे. एखाद्या भगिनीने आपल्या मुलाची स्थिती सहकाऱ्यांस सांगितलेली नसेल, तर व्यवसायकराच्या रकान्यातील शून्य ती सांगून टाकते. तिने ती गोष्ट केव्हा व कोणास सांगावी, हे ठरविण्याचा अधिकार तिचाच होता.

केवळ खातेक्रमांक कळल्याने खात्यातील पैसे कोणास काढता येत नाहीत, असे काही जण म्हणतात, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु भामट्यास प्रथम पैसे नको असतात. त्यास विश्वास हवा असतो. समजा, दूरध्वनीवरील व्यक्ती आपले पूर्ण नाव घेते, मूळ वेतन बिनचूक सांगते, पतसंस्थेचा हप्ता किती तेही सांगते, आणि मग म्हणते, “गुरुजी, आपल्या महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम अडकली आहे, आता आलेला सांकेतिक क्रमांक तेवढा सांगा.” एरवी सावध असणारा शिक्षकही येथे फसतो, कारण इतके तपशील कार्यालयाखेरीज कोणास ठाऊक असणार, असे त्यास वाटते. ते तपशील समूहातून बाहेर गेलेले असतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

नाव वगळून माहिती पाठविली म्हणजे झाले, असाही एक समज आहे. या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. तेथील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० च्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी, नावे काढून, संशोधकांस उपलब्ध करून दिल्या. नावे नसल्यामुळे कोणाचीही ओळख पटणार नाही, अशी ग्वाही राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी दिली होती. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली व ती त्या नोंदींशी ताडून पाहिली. राज्यपालांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहा जण होते. त्यांत पुरुष तीन, आणि राज्यपालांच्या टपाल विभागात राहणारा एकच. अशा रीतीने खुद्द राज्यपालांच्या आजाराची नोंद हाती आली.

केंब्रिज हे मोठे शहर. आपल्या द्विशिक्षकी शाळेची गोष्ट ती काय! तालुका, नियुक्तीचे वर्ष, स्त्री की पुरुष आणि वेतनश्रेणी एवढे चार रकाने भरून घेणारा निनावी तक्ता आला, तर केंद्रातील कोणीही शिक्षक प्रत्येक ओळीपुढे नाव लिहून देऊ शकेल.

तथापि वेतनाविषयी मौनच पाळावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मौनाचा लाभ बहुधा चूक करणाऱ्यास होतो. वेतननिश्चितीत एखादी वेतनवाढ सुटलेली असते, कनिष्ठास ज्येष्ठापेक्षा अधिक वेतन मिळत असते. या गोष्टी सहकाऱ्यांशी तुलना केल्यावाचून कळत नाहीत. शिक्षण सेवकांचे मानधन जानेवारी २०२३ पासून ६,००० वरून १६,००० रुपये झाले, तेही हा आकडा लोकांसमोर वारंवार मांडला गेल्यानेच, असे मला वाटते. परंतु तुलनेसाठी मूळ वेतन, वेतनस्तर, वेतनवाढीचा दिनांक आणि नियुक्तीचे वर्ष एवढे पुरते. तेही ज्याची तुलना करावयाची त्या दोघांत. खातेक्रमांकाचा तेथे संबंध काय?

नॉर्वे देशात तर प्रत्येक करदात्याचे उत्पन्न पाहू देण्याची जुनी प्रथा आहे. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जाऊन यादी चाळावी लागे. २००१ मध्ये वृत्तपत्रांनी त्या याद्या इंटरनेटवर आणल्या आणि घरबसल्या शेजाऱ्याचे उत्पन्न पाहण्याची चटक लागली. २०१४ पासून आपली माहिती कोणी पाहिली हे त्या व्यक्तीस कळू लागले, तेव्हा अशी पाहणी झपाट्याने घटली. आकडा आजही खुला आहे. पाहणारा मात्र आता अदृश्य नाही. आपल्या मोबाईलवरील समूहात नेमके उलट असते. फाईल कोणी उतरवून घेतली व पुढे कोणास धाडली, याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, पूर्वी अकोला येथे काम केलेल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्यासंबंधीच्या प्रकरणात, कर्मचाऱ्यास दिलेले ज्ञापन, शिक्षा, मालमत्ता व प्राप्तिकर विवरण ही वैयक्तिक माहिती ठरविली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांस एक विनंती. “सर्वांनी आपापले वेतन तपासून घ्यावे” या सूचनेखाली संपूर्ण केंद्राचे देयक समूहात टाकण्याची रीत सोयीची खरी, पण ती बंद करावी. ज्याची चिठ्ठी त्यासच पाठवावी. प्राप्तिकराची गणना-पत्रकेही त्याच प्रकारे द्यावीत; त्यांत तर गृहकर्ज, विमा, वैद्यकीय खर्च सारेच असते. कर्जासाठी बँकेस चिठ्ठी द्यावयाची असल्यास शाखेत समक्ष द्यावी, मध्यस्थाच्या मोबाईलवर धाडू नये.

चिठ्ठी यापूर्वीच पाठविली असेल, तर ती समूहातून सर्वांसाठी काढून टाकावी. ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच असते, आणि ज्यांनी फाईल आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहतेच. म्हणून त्यांसही ती पुसण्यास सांगावे. जन्मतारखेवरून बनविलेले संकेतशब्द त्याच दिवशी बदलावेत. आणि खात्यातून रक्कम गेल्याचे दिसताच, सुट्टीचा दिवस असला तरी न थांबता, १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती रोखून धरता येण्याचा संभव असतो.