नांदेड ते छत्रपती संभाजीनगर विमानतळ अंतर

नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंहजी विमानतळ आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे २१५ किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे २६ मिनिटांत कापता येते. चढउतार व विमानतळावरील प्रतीक्षा यांचा वेळ त्यात धरलेला नाही. रस्त्याने मात्र हे अंतर सुमारे २७० किलोमीटर असून प्रवासास पाच ते सहा तास लागतात.

परभणी शहर या दोन विमानतळांच्या दरम्यान आहे. परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नसल्याने तेथील प्रवाशांना यांपैकी एकाची निवड करावी लागते. रेल्वेने नांदेड सुमारे ६० किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगर १७७ किलोमीटर अंतरावर आहे. उडान योजनेतील पहिल्या सेवांपैकी नांदेड–हैदराबाद सेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली.

चिकलठाणा विमानतळ शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर आहे. त्यामुळे परभणीहून रस्त्याने येणाऱ्यास ते शहरापूर्वीच लागते. रेल्वेने मुख्य स्थानकावर उतरणाऱ्यास मात्र पुन्हा पूर्वेकडे यावे लागते. परभणी–मुदखेड लोहमार्ग दुहेरी आहे. परभणी–छत्रपती संभाजीनगर मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबावे लागते व विलंब होतो. विमान गाठणाऱ्यास त्यासाठी जादा वेळ हाताशी ठेवावा लागतो. या मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली.